तू ओरडली का नाहीस?

(सदाशिव पेठेतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे, फक्त खोकला आणि माइकची खरखर गाळली आहे.)



माझी आई या सदाशिव पेठेत बावीस वर्षं धुणीभांडी करत होती. दांडेकर पुलापासून चालत यायची. मी तिच्या पदराला धरून यायचे आणि वाड्याच्या मागच्या दाराशी, मोरीजवळ, पाटी घेऊन बसायचे. आज त्याच पेठेत तुम्ही मला पुढच्या दाराने आणून माइकसमोर उभं केलंत, म्हणून जरा अवघडल्यासारखं होतंय. पत्रिकेवर विषय छापलाय : 'स्त्री-अत्याचारविरोधी कायदे आणि पुरुषी मानसिकता'. विषय भारदस्त आहे. मी वकील नाही, शाळेत गणित शिकवते. तेव्हा मी हिशोब मांडते, ताळा जुळतो का ते तुम्ही बघा.

सुरुवात इथूनच करू. या सभागृहातून बाहेर पडलात की पेरूगेट. 27 जून 2023 ला सकाळी एक पोरगा कोयता घेऊन एका कॉलेजातल्या पोरीमागे या पेठेच्या रस्त्यावर धावला. कारण? तिने नाही म्हटलं होतं. रस्त्यावर माणसं होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे मधे पडला, त्याने कोयता अडवला, आणखी पोरं धावली, पोरगी वाचली. पेरूगेटची पोलीस चौकी तिथेच आहे. चौकीत त्या वेळी कोणी नव्हतं. पुढे तीन पोलीस निलंबित झाले.

इथपर्यंत तुम्हाला पाठ आहे, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. त्यानंतरचं किती जणांच्या लक्षात आहे? लेशपालचे सत्कार चालू असतानाच त्याने वैतागून जाहीर सांगितलं, की लोक त्याला मेसेज करून विचारतायत : पोरगी कुठल्या जातीची होती? पोरगा कुठल्या जातीचा होता?

रस्त्यावरचं रक्त अजून धुतलं गेलं नव्हतं आणि लोकांना जात हवी होती. कशाला हवी होती? जात कळली की ठरवता येतं, हळहळायचं की 'तसल्याच असतात त्या' म्हणून पान उलटायचं. बाई कुठली, कशी, कुणाची, हे आधी. तिच्यावर काय झालं, ते मागाहून. कायदा याच्या बरोबर उलट लिहिलेला असतो. कायदा विचारतो काय झालं. पण कायदा काही स्वतःच्या पायांनी चालत नाही. त्याला हवालदार उचलतो, डॉक्टर उचलतो, वकील उचलतो, जज उचलतो, आणि त्याही आधी आपल्या वस्तीतले चार शहाणे उचलतात. त्या प्रत्येकाच्या डोक्यात तो मेसेजवाला बसलेला असतो. मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

आता 1972 मध्ये चला. हे साल आपल्या चळवळीला पाठ आहे. परभणीच्या ब्राह्मणगावात बौद्ध बायांची साडी फेडली गेली. त्याच वर्षी पँथर जन्मली. 15 ऑगस्टला याच पुण्याच्या 'साधना'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला आणि त्यात त्यांनी एक साधा हिशोब मांडला : राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर दंड तीनशे रुपये, आमच्या बाईची साडी फेडली तर पन्नास. या हिशोबाने पांढरपेशांची झोप उडाली. त्यांना झोंबली ती लेखातली झेंड्याबद्दलची भाषा. पन्नासाचा आकडा झोंबलेले त्या मानाने थोडे होते.

मी गणिताची बाई, मला हा हिशोब आजही प्रिय आहे. पण त्यात एक खोट आहे आणि ती मी आपल्याच व्यासपीठावरून सांगणार. त्या दंडावर आपण पन्नास वर्षं भाषणं केली. पण ती बाई काय म्हणत होती, तिला कोर्टात काय काय विचारलं, ती पुढे कशी जगली, हे आपल्या एकाही अंकात माझ्या वाचनात आलं नाही. साडी आपल्या घोषणेत आली. बाई आली नाही.

त्याच 1972 चा मार्च. विदर्भातलं देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आज गडचिरोलीत. आदिवासी पोरगी, मजुरी करणारी, आईबाप नाहीत. वय डॉक्टरांच्या अंदाजाने चौदा ते सोळा. एका पोराशी लग्न करायचं तिने ठरवलं होतं. भावाला ते मंजूर नव्हतं, त्याने पळवून नेल्याची तक्रार दिली. म्हणून 26 मार्चच्या रात्री सगळे पोलीस ठाण्यात. जबाब झाले, बाकीच्यांना जा म्हटलं, हिला थांब म्हटलं. दिवे मालवले, दार लावलं. बाहेर भाऊ, बाहेर तिचा माणूस, बाहेर हळूहळू जमणारी गर्दी. आणि आत पोलीस ठाणं.

तो खटला लोकांच्या तोंडी त्या पोरीच्या नावाने आहे. मी तिचं नाव घेणार नाही. निकालाच्या पुस्तकात तो 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' आहे, आणि मला तेच बरोबर वाटतं. नाव आरोपीच्या जागी राहू द्या.

1 जून 1974 ला सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं. का? पोरगी खोटारडी आहे. तिला शरीरसंबंधांची सवय आहे. ठाण्यात संबंध आला असेल, पण बलात्कार नव्हे. बाहेर गर्दी होती, तिचा माणूस होता, त्यांच्यापुढे चांगलं ठरायला तिने बलात्काराचं नाव घेतलं. आता ही 'सवय' कोर्टाला कळली कशी? डॉक्टरने दोन बोटं घालून तपासलं होतं. विचार करा. दरोडा पडला म्हणून तुम्ही तक्रार करायला गेलात आणि साहेब म्हणाला, आधी दाखवा, तुम्ही पूर्वी कुणाला पैसे दिले होते का. दिले होते? मग हा दरोडा कसा?

12 ऑक्टोबर 1976 ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. म्हणाले, भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. इतकं सोपं वाक्य. एका पोलिसाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष. मग 15 सप्टेंबर 1978, सुप्रीम कोर्ट. पुन्हा सुटका. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे जे झालं ते शांतपणे पार पडलं. 'शांतपणे' हा शब्द लक्षात ठेवा, तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

वर्षभराने, सप्टेंबर 1979 मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टाने ते खरं धरूनच चालायचं. तिची ओळख छापायची नाही. बंद दाराआड सुनावणी. मग आणखी बदल. बाई 'बदचलन' आहे असं दाखवून तिची साक्ष मोडायची मुभा देणारं पुरावा कायद्याचं कलम 1872 पासून होतं, ते 2003 मध्ये गेलं. म्हणजे 130 वर्षं वकिलांनी त्याच्यावर घरं बांधली. 2013 मध्ये दिल्लीच्या घटनेनंतर स्पष्टीकरण आलं, की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही. सुप्रीम कोर्टाने त्याच साली दोन बोटांची तपासणी चुकीची ठरवली. तरी ती चालूच राहिली, म्हणून 2022 मध्ये त्याच कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, की आता जो कोणी ती करील तो गैरवर्तनाचा दोषी. एकच गोष्ट नऊ वर्षांनी पुन्हा सांगावी लागते. वर्गातली पोरं तरी बरी.

तर कायद्याचा कागद बदलला, हे मी मान्य करते. कागद बदलायला बायकांनी हाडं झिजवली आहेत आणि कागदाला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल अडलं म्हणून 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. कागदाची किंमत त्यांना ठाऊक होती.

आता इथून चालत स्वारगेटला चला, वीस-पंचवीस मिनिटं. 25 फेब्रुवारी 2025, पहाट. एसटी स्टँडात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची फिर्याद. आणि दोन दिवसांत राज्याचे गृहराज्यमंत्री सांगतात, की तिथे झटापट, आरडाओरडा असं काही झालं नाही, म्हणून आजूबाजूच्यांना कळलं नाही. ओरड झाल्यावर ते म्हणाले, माझ्या बोलण्याचा विपर्यास केला. आरोपीचे वकील म्हणाले, संमतीने झालं. म्हणजे 1978 ते 2025, सत्तेचाळीस वर्षं, मधे कायद्यात एवढे बदल, आणि स्वारगेटला पुन्हा तेच 'शांतपणे'! देसाईगंजच्या पोरीला विचारलेला प्रश्न पुण्याच्या स्टँडवर तसाच्या तसा उभा : तू ओरडली का नाहीस?

मला पोरी शाळेत विचारतात, बाई, अशा वेळी ओरडायचं का? मी काय उत्तर देऊ? ओरडलीस तर मारेल. नाही ओरडलीस तर कोर्ट मारेल. 

बरं, ओरडून ठेवलेलं, लिहून ठेवलेलं तरी कामी येतं का? पुण्यातलीच गोष्ट. जून 1982 मध्ये इथे मंजुश्री सारडा नावाच्या तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली, 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. पुरावा पुरेसा नाही, हे कोर्टाने म्हणावं, तो त्याचा अधिकार. पण त्यात तिची पत्रं वाचली गेली. बहिणीला, मैत्रिणीला लिहिलेली, मन मोकळं करणारी. त्यांतून काय निघालं? की ती फार हळवी होती, तिने आत्महत्या केली असणं शक्य आहे. बाईने दुःख लिहून ठेवलं, आणि तेच तिच्या स्वभावाचा दाखला झालं. त्या काळात विद्या बाळ आणि नारी समता मंचाच्या बायकांनी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव फिरवलं. तिथे येऊन बाया आपापलं सांगू लागल्या. ते प्रदर्शन सवर्ण मध्यमवर्गीय बायकांनी उभं केलं होतं, हे मला माहीत आहे. कुणीतरी आत्ता मागून तेच पुटपुटलं, ऐकू आलं मला. असू दे. जळालेल्या अंगाला जात विचारणारा मेसेजवाला आपल्यात नको.

आणि आपल्या बाईचं काय होतं? तिच्यावर दोन सुऱ्या चालतात आणि कोर्टात एकही सापडत नाही. खैरलांजी, 29 सप्टेंबर 2006. भोतमांगे कुटुंबातली माय, लेक, दोन पोरगे. आधी बातमी काय पसरली? अनैतिक संबंध. चौघांची प्रेतं, आणि चर्चा मायच्या चारित्र्याची. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने खुनाबद्दल शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटी लागली नाही आणि माय-लेकींच्या अब्रूबद्दलचा गुन्हाही लागला नाही. हायकोर्टाने 2010 मध्ये फाशीची जन्मठेप केली, अॅट्रॉसिटी तेव्हाही नाही. जुन्या भांडणाचा सूड, म्हणे. जात गेली, बाई गेली, उरला नुसता सूड. राजस्थानात भंवरीदेवीच्या खटल्यात 1995 मध्ये तर कोर्टाने म्हटलं, की वरच्या जातीचे लोक खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीत, म्हणजे बलात्कार शक्य नाही. अस्पृश्यता आमच्या पाठीवर आयुष्यभर, आणि कोर्टात ती आरोपीच्या बचावाला हजर!

आणखी एक. ऑगस्ट 2025, कोथरूड. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या एका बाईला मदत केली म्हणून आपल्या तीन पोरींना पोलिसांनी नेलं. ठाण्यात मारहाण केली, जातीवरून आणि चारित्र्यावरून बोलले, असा त्या पोरींचा आरोप. पोरी आणि कार्यकर्ते रात्रभर आयुक्तालयात बसून राहिले. अॅट्रॉसिटीचा गुन्हा घ्या, एवढंच मागणं. शेवटी हाती काय पडलं? गुन्हा दाखल करता येत नाही असं लेखी पत्र. त्यात एक कारण असं, की प्रकार खोलीत घडला, सार्वजनिक ठिकाणी नाही. वकिली भाषेत याला आधार आहे : जातीवरून अपमानाच्या कलमाला 'लोकांच्या नजरेसमोर' ही अट आहे, आणि 2020 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने चार भिंतींच्या आतला प्रकार त्यात बसवला नाही. पण बाईचा अपमान कुठे होतो हो? खोलीतच होतो. भिंतीच्या आत, दार लावून, दिवे मालवून. देसाईगंजला काय झालं होतं?

2013 पासून बाईवरच्या ठरावीक गुन्ह्यांची फिर्याद नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. नव्या न्याय संहितेतही ते कलम आहे. असं आत गेलेल्या एका तरी हवालदाराला तुम्ही ओळखता? मी नाही ओळखत.

आता टाळ्या थांबवा. पोलिसांना शिव्या घातल्या की आपल्या सभेत टाळ्या पडतात. पुढचं टाळ्यांचं नाही.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या वस्तीतली एक बाई, मी तिला ताई म्हणते. तिचा नवरा आपला कार्यकर्ता. 14 एप्रिलला स्टेजवर, 6 डिसेंबरला चैत्यभूमीला, मोर्चात सगळ्यांच्या पुढे. बोलायला लागला की फुले-सावित्रीवरून सुरुवात. आणि घरी गेला की बेल्ट. एका रात्री त्याने ताईच्या कानशिलात अशी मारली, की डाव्या कानातून रक्त आलं. ती माझ्याकडे आली. मी मंडळाची चिटणीस. घरगुती हिंसाचाराचा कायदा 2006 पासून अमलात आहे, संरक्षण अधिकारी असतो, राहत्या घरातून बाईला काढता येत नाही. हे सगळं मी त्याच महिन्यात वस्तीतल्या बायकांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. 

आणि त्या रात्री माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला सांगू? "त्याआधी तू काय बोललीस त्याला?"

दुसऱ्या दिवशी विहारात बैठक बसली. सात पुरुष आणि मी. सगळ्यांचं एकच : पोलिसात गेलं तर समाजाची बदनामी. बाहेरचे आधीच टपलेले, म्हणतील बघा, यांचे पुढारी घरी काय करतात. एक जण म्हणाला, सवर्णाने हात लावला असता तर आपण चौक बंद केला असता. खरंच केला असता. मग हा हात आपला, म्हणून? ताई भिंतीला टेकून बसली होती, कानात कापूस. तिला कोणी बोल म्हटलं नाही. मीही नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्याकडे आला, आणि मी लिहिलं : पतीने यापुढे हात उचलू नये. पत्नीने यापुढे पतीला राग येईल असं वागू-बोलू नये. दोघांनी समाजाच्या प्रतिष्ठेचं भान ठेवावं. खाली सह्या. ताईचा अंगठा नाही, सही. ती दहावी पास आहे.

कापूस लावून बसलेल्या बाईकडून मी लिहून घेतलं, की तू राग आणू नकोस. त्या सेशन्स कोर्टाच्या जजला मी मघाशी एवढं बोलले. त्याच्याकडे निदान झगा होता.

पुढे तीनच महिन्यांत तिला पुन्हा मार बसला. या वेळी ती आमच्याकडे आलीच नाही, सरळ पोलीस चौकीत गेली. तिथला माणूस म्हणाला, तुमच्या मंडळानेच मिटवलंय ना, मग आता काय? आमचा कागद नवऱ्याने आधीच तिथे नेऊन दाखवला होता. म्हणजे फिर्याद अडवायला पोलिसाला काही करावंच लागलं नाही. त्याचं काम मी करून ठेवलं होतं, चांगल्या अक्षरात.

ताई पोरांना घेऊन हडपसरला गेली. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तिने आता कोर्टात अर्ज केलाय, पोटगी आणि घरातल्या हक्कासाठी. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले आणि या शिबिराचं सांगितलं, म्हटलं, चल, तू बोल. ती माझ्या उजवीकडे येऊन बसली, ऐकू यावं म्हणून, आणि म्हणाली, "मी येऊन काय बोलू? तू लिहिलेला कागद आण आधी. त्याच्यात त्यानं हात उचलल्याचं तुम्हीच लिहिलंय ना? वकील म्हणतात तो लागंल."

हे मला सुचलं नव्हतं. अकरा वर्षं मी त्या कागदाला तोंड लपवत होते, आणि तिला त्याच्यात पुरावा दिसला. 'यापुढे' हात उचलू नये, म्हणजे आधी उचलला होता. सात जणांच्या सहीनिशी.

मंडळाच्या कपाटात जुन्या वर्गणी-पुस्तकांच्या खाली तो सापडला. हा बघा. घडीवर फाटलाय, पण सह्या वाचता येतात. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता शिवाजीनगर कोर्टात तारीख आहे. मी साक्षीला उभी राहणार आहे, हे अक्षर माझं आहे म्हणून सांगायला. समोरचा वकील मला विचारेल, तुम्ही तेव्हा का गप्प बसलात, आणि ते विचारण्याचा त्याला हक्क आहे.

या कागदावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतले दोघे आता नाहीत. दोघे गाव सोडून गेले. उरलेले तिघे या सभागृहात बसले आहेत. मी नावं घेत नाही. एक दाराजवळ आहे, त्याने आत्ता मोबाईल काढला. दादा, तो खिशात ठेवा आणि सोमवारी येता की नाही एवढं सांगा. मी थांबते.